गुडघेबदल शस्त्रक्रियेनंतरचा अस्थिऱ्हास : निरीक्षण आणि व्यवस्थापन
(नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

संधिवाताने निकामी झालेला गुडघा काढून त्या जागी धातू व प्लॅस्टिकचा कृत्रिम सांधा बसविणे ही विसाव्या शतकातील वैद्यकशास्त्राची एक मोठी उपलब्धी होय. आज प्रचलित असलेल्या कृत्रिम गुडघ्याचा मूळ आराखडा १९७४ च्या सुमारास न्यूयॉर्क येथे जॉन इन्सॉल, चित्तरंजन राणावत आणि पीटर वॉकर यांच्या प्रयत्नांतून साकार झाला. यांपैकी डॉ. राणावत हे मूळचे भारतीय. तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्यावर ऑक्टोबर २००० मध्ये व उजव्या गुडघ्यावर जून २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात त्यांनीच शस्त्रक्रिया केली. या घटनेमुळे गुडघेबदल हा शब्द भारतातील सर्वसामान्य कुटुंबांपर्यंत पोहोचला.

त्यानंतरच्या काळात ही शस्त्रक्रिया महानगरांपुरती मर्यादित राहिली नाही. राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने १६ ऑगस्ट २०१७ रोजी कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. सरासरी १,५८,३२४ रुपयांना विकला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा त्यामुळे करवगळता ५४,७२० रुपयांच्या मर्यादेत आला. २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झालेल्या आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेच्या उपचारसूचीतही गुडघेबदलाचा समावेश झाला. परिणामी मराठवाड्यातील मध्यमवर्गीय व अल्प उत्पन्न गटातील रुग्णांनाही ही शस्त्रक्रिया पूर्वीपेक्षा आवाक्यात आली. तथापि शस्त्रक्रिया यशस्वी झाली म्हणजे उपचार संपला, ही समजूत समाजात दृढ आहे. कृत्रिम सांधा निर्जीव असला तरी तो ज्या हाडावर उभा असतो ते हाड सजीव असते आणि त्या हाडात शस्त्रक्रियेनंतर बदल होत राहतात. या बदलांकडे दुर्लक्ष झाल्यास सांधा सैल होणे किंवा हाड मोडणे असे गंभीर परिणाम संभवतात.

उद्दिष्टे :

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
१) गुडघेबदलानंतर होणाऱ्या अस्थिऱ्हासाची कारणे स्पष्ट करणे.
२) त्याच्या निरीक्षणाच्या पद्धती व त्यांच्या मर्यादा समजून घेणे.
३) प्रतिबंध व उपचार यांचा आढावा घेणे.
४) नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या परिस्थितीत पाठपुराव्याची व्यवस्था कशी असावी, याचा विचार करणे.

अस्थिऱ्हास : संकल्पना

बोलीभाषेत 'गुडघ्याची झीज' असे म्हटले जाते तेव्हा बहुधा सांध्यातील कूर्चेची झीज अभिप्रेत असते. प्रस्तुत लेखातील अस्थिऱ्हास त्याहून वेगळा आहे. कृत्रिम सांध्याभोवतीच्या हाडातील खनिजांचे प्रमाण घटणे व हाडाची रचना विरळ होणे, असा त्याचा अर्थ आहे. संपूर्ण शरीरातील हाडे विरळ होण्याच्या अवस्थेस अस्थिठिसूळता म्हणतात. या दोन अवस्था भिन्न असल्या तरी एकाच रुग्णात अनेकदा एकत्र आढळतात, कारण गुडघेबदल करून घेणाऱ्यांत साठी ओलांडलेल्या स्त्रियांची संख्या मोठी असते.

हाड ही स्थिर वस्तू नाही. अस्थिभक्षक पेशी जुने हाड विरघळवितात आणि अस्थिजनक पेशी नवे हाड रचतात. हे काम आयुष्यभर चालू असते. विरघळण्याचा वेग रचण्याच्या वेगापेक्षा वाढला की ऱ्हास सुरू होतो.

अस्थिऱ्हासाची कारणे :

१) भाराचे स्थलांतर : जर्मन शल्यचिकित्सक युलिउस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडलेल्या नियमानुसार हाड आपल्यावर पडणाऱ्या भाराप्रमाणे स्वतःला घडवीत असते. भार वाढला तर ते बळकट होते आणि भार कमी झाला तर विरळ होते. धातूचा सांधा हाडापेक्षा कितीतरी अधिक कठीण असतो. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकावर बसविलेले धातूचे कवच पूर्वी हाडावर येणारा भार स्वतः उचलते. त्यामुळे कवचाच्या मागील, विशेषतः पुढच्या बाजूचे हाड 'बेरोजगार' होते व विरळ होऊ लागते. नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकाशी, धातूच्या तबकडीखाली आतील बाजूसही असाच परिणाम दिसून येतो. विविध अभ्यासांत मांडीच्या हाडाच्या या भागातील खनिज घनता पहिल्या वर्षात साधारणपणे १० ते २५ टक्क्यांनी घटल्याचे नोंदविले गेले आहे. ही घट पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक असते व पुढे तिचा वेग मंदावतो.

२) हालचालीचा अभाव : अनेक रुग्ण शस्त्रक्रियेपूर्वी काही वर्षे वेदनेमुळे फारसे चाललेले नसतात. त्यांचे हाड आधीच दुबळे असते. शस्त्रक्रियेनंतरही भीतीपोटी चालणे टाळले तर ऱ्हासात भर पडते.

३) प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण : धातूच्या दोन भागांमध्ये पॉलिइथिलीनची गादी असते. चालताना होणाऱ्या घर्षणातून तिचे अतिसूक्ष्म कण सुटतात. शरीरातील भक्षक पेशी हे कण गिळतात, परंतु ते पचवू शकत नाहीत. त्यातून दाहकारक द्रव्ये स्रवतात, अस्थिभक्षक पेशी उत्तेजित होतात आणि सांध्यालगतचे हाड पोखरले जाते. ही प्रक्रिया बहुधा अनेक वर्षांनी प्रकट होते आणि दीर्घकाळ वेदनारहित असते. म्हणून ती अधिक फसवी ठरते.

४) जंतुसंसर्ग व सैलपणा : सांध्याभोवती सौम्य स्वरूपाचा जंतुसंसर्ग राहिल्यास किंवा बोन सिमेंट व हाड यांच्यामध्ये सूक्ष्म हालचाल होत राहिल्यास हाड झपाट्याने नष्ट होते.

५) सार्वदेहिक कारणे : रजोनिवृत्ती, ड जीवनसत्त्वाची कमतरता, आहारातील चुन्याचा अभाव, तंबाखूचे सेवन, मधुमेह, थायरॉइडचे विकार आणि दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइडे यांचा येथे समावेश होतो. गुडघेदुखीसाठी वैद्यकीय सल्ल्याविना घेतल्या जाणाऱ्या, घटकांची माहिती नसलेल्या पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेले असू शकते. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला याविषयी स्पष्टपणे विचारणे आवश्यक ठरते.

परिणाम :

बहुसंख्य रुग्णांत पहिल्या वर्षातील ऱ्हास लक्षणांविना स्थिरावतो, ही समाधानाची बाब आहे. २०१९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार संपूर्ण गुडघेबदलांपैकी सुमारे ८२ टक्के सांधे २५ वर्षे टिकतात. परंतु उर्वरित रुग्णांचा प्रश्न गंभीर आहे. कृत्रिम सांध्याच्या लगेच वर मांडीचे हाड मोडण्याचे प्रमाण साधारण ०.३ ते २.५ टक्के इतके सांगितले जाते. असा अस्थिभंग बहुधा घरातल्या घरात, साध्या पडण्याने होतो आणि वृद्ध रुग्णाला अंथरुणाला खिळवितो. सांधा सैल झाल्यास पुनर्शस्त्रक्रिया करावी लागते. तिच्या सांध्यासाठी २०१७ मध्ये ठरविलेली किंमतमर्यादाच १,१३,९५० रुपये, म्हणजे पहिल्या सांध्याच्या दुपटीहून अधिक होती. शिल्लक हाड जितके कमी, तितकी ती शस्त्रक्रिया कठीण होते.

निरीक्षणाच्या पद्धती :

१) क्ष-किरण तपासणी : ही सर्वांत सुलभ पद्धत असून तालुक्याच्या ठिकाणीही उपलब्ध होऊ शकते. सामान्यतः शस्त्रक्रियेनंतर लगेच, सहा आठवड्यांनी, एका वर्षाने व त्यानंतर दर एक ते तीन वर्षांनी उभे राहून समोरून व बाजूने प्रतिमा घेतल्या जातात. सांधा व हाड यांच्यामध्ये दिसणारी काळी रेषा किती रुंद आहे, ती वाढत आहे काय, सांध्याची जागा सरकली आहे काय, हे त्यांत पाहिले जाते. दोन मिलिमीटरहून अधिक रुंद किंवा सतत वाढणारी रेषा ही धोक्याची सूचना मानली जाते. या पद्धतीची मोठी मर्यादा अशी की, हाडातील खनिजे सुमारे ३० टक्के घटल्याशिवाय क्ष-किरण प्रतिमेत फरक स्पष्ट दिसत नाही. म्हणूनच एकच प्रतिमा पाहून निष्कर्ष काढता येत नाही, तर प्रतिमांची मालिका शेजारी ठेवून तुलना करावी लागते. शस्त्रक्रियेनंतरची पहिली प्रतिमा ही पुढील सर्व तुलनेची मोजपट्टी होय. ती हरवली तर मोजपट्टीच हरवते.

२) डेक्सा तपासणी : दोन भिन्न ऊर्जेच्या क्ष-किरणांनी हाडाची खनिज घनता मोजण्याची ही पद्धत आहे. तिचा निकाल निरोगी तरुणांच्या सरासरीशी तुलना करून टी-गुणांकात दिला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९४ च्या निकषांनुसार उणे १ पर्यंतचा गुणांक सामान्य, उणे १ ते उणे २.५ यांमधील गुणांक घटलेली घनता आणि उणे २.५ किंवा त्याखालील गुणांक अस्थिठिसूळता दर्शवितो. धातू वगळून सांध्यालगतच्या हाडाची घनता मोजणारी विशेष प्रणालीही आहे, परंतु तिचा वापर प्रामुख्याने संशोधनात होतो. नित्य व्यवहारात खुबा व कणा यांची डेक्सा पुरेशी मानली जाते. मात्र संधिवाताच्या वृद्ध रुग्णाच्या कण्यात हाडाचे काटे वाढलेले असतात आणि त्यामुळे कण्याची घनता वास्तवापेक्षा अधिक दिसते. अशा रुग्णांत खुब्याच्या मापनावर अधिक विसंबणे योग्य ठरते.

३) रक्ततपासणी : ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, फॉस्फरस, क्रिएटिनीन व आवश्यकतेनुसार पॅराथायरॉइड संप्रेरक यांची तपासणी शस्त्रक्रियेपूर्वीच करणे हितावह असते. शस्त्रक्रियेनंतर वेदना उद्भवल्यास जंतुसंसर्ग वगळण्यासाठी ईएसआर व सीआरपी या चाचण्या प्रथम केल्या जातात.

४) लक्षणांचे निरीक्षण : काही वर्षे निर्वेध चाललेल्या गुडघ्यात नव्याने वेदना सुरू होणे, बसून उठल्यावर पहिल्या काही पावलांना दुखणे, सूज येणे, पाय पुन्हा वाकडा दिसणे किंवा गुडघा लटपटणे ही लक्षणे 'वयोमानाने होणारच' म्हणून सोडून देऊ नयेत.

नांदेड व लातूरची परिस्थिती :

उपरोक्त शास्त्रीय माहिती सर्वत्र सारखीच लागू होते. परंतु नांदेड व लातूर जिल्ह्यांतील काही बाबी स्वतंत्र विचारास पात्र आहेत.

पहिली बाब पाण्याची. नांदेड जिल्ह्याच्या किनवट परिसरातील भूजलात फ्लोराइडचे आधिक्य आढळते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड दर लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे व पर्यायी स्रोत नसल्यास कमाल मर्यादा १.५ मिलिग्रॅम आहे. दीर्घकाळ अधिक फ्लोराइड पोटात गेल्यास ते हाडात साठते. असे हाड दाट दिसते, पण ठिसूळ असते. परिणामी डेक्सा तपासणीत घनता सामान्य किंवा अधिक येऊनही हाडाची प्रत्यक्ष ताकद कमी असू शकते. म्हणून अशा भागातील रुग्णाचा अहवाल वाचताना 'आपण कोणते पाणी किती वर्षे पीत आहात?' हा प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. २०१६ च्या दुष्काळात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. टंचाईच्या काळात खोल विंधन विहिरींवरील अवलंबन वाढते. त्यामुळे पाण्याच्या रासायनिक तपासणीचा प्रश्न किनवटपुरता मर्यादित मानता येत नाही.

दुसरी बाब सूर्यप्रकाशाची. मराठवाड्यात ऊन मुबलक आहे म्हणून ड जीवनसत्त्वाची कमतरता असणार नाही, हे गृहीतक चुकीचे आहे. गुडघेदुखीने घरात बसलेल्या वृद्ध स्त्रीला ऊन मिळत नाही आणि शेतात राबणाऱ्या स्त्रीचे अंग उन्हापासून बचावासाठी झाकलेले असते. सावळ्या त्वचेला हे जीवनसत्त्व तयार करण्यास अधिक वेळ ऊन लागते.

तिसरी बाब आहाराची. ज्वारीची भाकरी हा या भागातील मुख्य आहार असून ती अनेक दृष्टींनी पौष्टिक आहे, परंतु तिच्यात कॅल्शियम अल्प असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांना दररोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियमची आवश्यकता असते व रजोनिवृत्तीनंतर ती अधिक असते. दूध, दही, ताक, तीळ, कारळाची चटणी, शेवग्याचा पाला आणि नाचणी यांतून ती बऱ्याच अंशी भागविता येते. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते.

चौथी बाब जीवनपद्धतीची. खुरपणी, सोयाबीनची काढणी, जमिनीवर बसून स्वयंपाक आणि भारतीय पद्धतीचे शौचालय यांमुळे गुडघा पूर्ण वाकविण्याची सवय असते. शस्त्रक्रियेनंतर उकिडवे बसण्याचा आग्रह धरल्यास पॉलिइथिलीनच्या गादीवर अतिरिक्त दाब येतो. दुसरीकडे, निसरडे न्हाणीघर, उंच उंबरा व अंधारी परसदार ही पडण्याची नित्याची ठिकाणे आहेत.

व्यवस्थापन :

अ) शस्त्रक्रियेपूर्वी : पासष्टी ओलांडलेल्या स्त्रिया, पूर्वी किरकोळ पडण्याने हाड मोडलेले रुग्ण आणि दीर्घकाळ स्टिरॉइड घेतलेले रुग्ण यांची डेक्सा तपासणी शस्त्रक्रियेपूर्वीच व्हावी. ड जीवनसत्त्वाची पातळी दर मिलिलिटरला २० नॅनोग्रॅमपेक्षा कमी असल्यास ती आधी सुधारावी. त्यासाठी बहुधा ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, साधारण आठ आठवडे दिली जाते. हीच पुडी वैद्यकीय देखरेखीविना महिनोन्महिने घेत राहिल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडास अपाय होऊ शकतो, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

ब) शस्त्रक्रियेनंतर : चालणे हा सर्वांत स्वस्त उपचार होय. भार पडल्याशिवाय हाड टिकत नाही, हा वोल्फ यांच्या नियमाचा व्यावहारिक अर्थ आहे. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, तोल सांभाळण्याचा सराव, पुरेशी प्रथिने, तंबाखूचा त्याग आणि घरातील पडण्याची ठिकाणे सुरक्षित करणे या बाबी औषधांइतक्याच महत्त्वाच्या आहेत. न्हाणीघरात आधाराची दांडी बसविण्याचा खर्च पुनर्शस्त्रक्रियेच्या तुलनेत नगण्य असतो.

क) औषधे : अस्थिठिसूळता सिद्ध झालेल्या रुग्णांत बिस्फॉस्फोनेट गटातील औषधे प्रामुख्याने वापरली जातात. ॲलेन्ड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून एकदा किंवा झोलेड्रोनिक आम्लाचे ५ मिलिग्रॅमचे शिरेवाटे औषध वर्षातून एकदा दिले जाते. ही औषधे अस्थिभक्षक पेशींचे कार्य रोखतात. ब्रिटनमधील सुमारे ४२ हजार खुबा व गुडघेबदल रुग्णांच्या नोंदींवर आधारित, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही औषधे घेणाऱ्यांत पाच वर्षांतील पुनर्शस्त्रक्रियेचे प्रमाण सुमारे निम्मे आढळले. मात्र तो नोंदींचा अभ्यास असल्याने त्यावरून प्रत्येक रुग्णाला सरसकट औषध द्यावे, असा निष्कर्ष निघत नाही. मूत्रपिंडाचे कार्य मंदावलेले असल्यास ही औषधे टाळावी लागतात. रक्तातील कॅल्शियम कमी असल्यास ते आधी भरून काढावे लागते, दातांची तपासणी करावी लागते आणि काही वर्षांनंतर औषध थांबविण्याचा विचार करावा लागतो. डेनोसुमॅब हे दुसरे औषध सहा महिन्यांतून एकदा टोचले जाते. ते अचानक बंद केल्यास हाडांची झीज वेगाने परतते. नियमित येऊ न शकणाऱ्या रुग्णांबाबत हा मुद्दा निर्णायक ठरतो.

ड) पुनर्शस्त्रक्रिया : सांधा सैल झाल्यास शिल्लक हाडाच्या प्रमाणानुसार तीन श्रेणी मानल्या जातात. पहिल्या श्रेणीत टोकाचे हाड बहुतांशी शाबूत असते व सिमेंट किंवा थोड्या अस्थिरोपणाने काम भागते. दुसऱ्या श्रेणीत धातूचे पूरक ठोकळे जोडावे लागतात. तिसऱ्या श्रेणीत मोठा भाग नष्ट झालेला असतो आणि धातूचे शंकू, लांब दांड्याचे सांधे किंवा बिजागरीचे सांधे वापरावे लागतात. रुग्ण पहिल्या श्रेणीत असताना येतो की तिसऱ्या, हे प्रामुख्याने पाठपुराव्यावर अवलंबून असते.

पाठपुरावा व नोंदी : खरी उणीव

नांदेड येथे विष्णुपुरीस डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूर येथे विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था कार्यरत आहे. दोन्ही शहरांत खाजगी अस्थिरोग रुग्णालयेही आहेत. तरीही अनेक रुग्ण हैदराबाद, सोलापूर किंवा पुणे येथे जाऊन शस्त्रक्रिया करून घेतात. मुखेड किंवा अहमदपूर तालुक्यातील एखाद्या वृद्धेने हैदराबादेस शस्त्रक्रिया करून घेतली असे मानले, तर टाके निघेपर्यंत ती दोनदा जाते. त्यानंतर गुडघा दुखत नाही, म्हणून जाण्याचे कारण उरत नाही. सहा वर्षांनी वेदना सुरू झाल्यावर ती जवळच्या डॉक्टरांकडे येते तेव्हा कोणत्या प्रकारचा सांधा बसविला आहे व पहिली प्रतिमा कशी होती, हे सांगणारा कागद घरात सापडत नाही.

शासकीय योजनांची रचनाही येथे अपुरी पडते. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेचा पहिला टप्पा २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाला त्यांत नांदेडचा समावेश होता. पुढे २०१७ मध्ये या योजनेस महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. अशा योजनांनी रुग्णाला रुग्णालयाच्या दारापर्यंत आणले, हे निःसंशय. परंतु प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत घरी सोडल्यानंतरचे संरक्षण १५ दिवसांपुरते आहे, तर अस्थिऱ्हासाचे घड्याळ पहिल्या वर्षापासून पुढे पंधरा-वीस वर्षे चालते.

स्वीडनमध्ये १९७५ पासून गुडघेबदलांची राष्ट्रीय नोंदवही ठेवली जाते. कोणता सांधा किती वर्षे टिकला, हे तेथे त्या नोंदवहीवरून सांगता येते. भारतात खुबा व गुडघा शल्यचिकित्सकांच्या संघटनेने २००६ पासून नोंदवही सुरू केली, परंतु तिचे स्वरूप ऐच्छिक आहे. जिल्हा पातळीवर नोंद ठेवण्यासाठी मोठ्या यंत्रसामग्रीची गरज नाही. रुग्णाच्या नावाचे एक पत्रक, त्यावर सांध्याचा प्रकार, आकार व क्रमांक, शस्त्रक्रियेचा दिनांक, डेक्साचा गुणांक आणि पुढील तपासणीचे वर्ष इतकी माहिती पुरेशी आहे.

महाविद्यालयांची भूमिका :

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या परिक्षेत्रातील महाविद्यालयांना या कार्यात वाटा उचलता येईल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या निवासी शिबिरांत दत्तक गावातील गुडघेबदल झालेल्या व्यक्तींना, त्यांच्या संमतीने, असे पत्रक भरून देता येईल. रसायनशास्त्र विभागास पाण्यातील फ्लोराइडची तपासणी, गृहविज्ञान विभागास कॅल्शियमयुक्त स्थानिक पाककृतींचा प्रसार आणि शारीरिक शिक्षण विभागास तोल सांभाळण्याच्या व्यायामांचे मार्गदर्शन करता येईल. निदान व औषधोपचार मात्र वैद्यकीय तज्ज्ञांकडेच राहिले पाहिजेत.

समारोप :

गुडघेबदलानंतरचा अस्थिऱ्हास काही अंशी अटळ असला तरी त्याचे दुष्परिणाम मोठ्या प्रमाणावर टाळता येण्यासारखे आहेत. त्यासाठी शस्त्रक्रियेपूर्वी हाडांची तपासणी, शस्त्रक्रियेनंतर चालणे व योग्य आहार, गरजूंना औषधे आणि ठरावीक काळाने तुलनात्मक क्ष-किरण प्रतिमा ही चतुःसूत्री उपयुक्त ठरते. किंमतनियंत्रण व विमा योजना यांमुळे नांदेड-लातूरच्या रुग्णास शस्त्रक्रिया जवळ आली आहे. आता पाठपुरावाही तितकाच जवळ आणणे आवश्यक आहे. दुखत नसतानाही वर्षातून एकदा गुडघा दाखविण्यास जाणे आणि पहिली प्रतिमा जपून ठेवणे, या दोन साध्या सवयी रुजल्या तरी अनेक वृद्धांचे चालते पाय चालतेच राहतील.